लायसन कधी संपतंय?

मलकापूर, नांदुरा किंवा खामगावच्या एखाद्या ट्रकमालकाला त्याच्या गाडीबद्दल विचारून पाहा. विमा कधी संपतो, पासिंग कोणत्या महिन्यात आहे, पीयूसी केव्हा काढली, नॅशनल परमिटचे पैसे कधी भरायचे, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. नसलेच तर मुनीमजींच्या वहीत असते. तिथेही नसले तर विम्याचा एजंट पंधरा दिवस आधीपासून फोन करून भंडावून सोडतो. मग त्याच मालकाला विचारा, ड्रायव्हरचे लायसन कधी संपतंय? बहुतेक वेळा उत्तर मिळते, "आहे ना त्याच्याकडे लायसन."

ते आहे हे खरे, पण ते किती तारखेपर्यंत चालते हा प्रश्न वेगळा. मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवण्याचा परवाना म्हणजे त्या माणसाची काम करण्याची परवानगीच. ती संपली त्या दिवशी त्याचे हात आणि डोळे कालच्यासारखेच असतात, गाडीही तीच असते, पण कायद्याच्या दृष्टीने तो चालक उरत नाही. बुलढाणा जिल्ह्यात असे मुदतीचे कागद घेऊन काम करणारी माणसे गावोगाव आहेत. ड्रायव्हर आहेत, गवंडी आणि सेंटरिंगवाले आहेत, नर्स आहेत, हॉटेलातले आचारी आहेत, अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर असलेले आरोग्य कर्मचारी आहेत. गाडीच्या तारखा सांभाळायला आपण शिकलो आहोत. माणसांच्या तारखा मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडून दिल्या आहेत.

लायसनपासूनच सुरुवात करू, कारण तिथे नियम सर्वांत स्पष्ट आहेत आणि गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात व्यावसायिक वाहनाचा परवाना पूर्वी तीन वर्षांचा होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा झाला. स्फोटक किंवा ज्वालाग्राही माल वाहणाऱ्यांसाठी ही मुदत एक वर्षाची होती, ती तीन वर्षांची झाली. हा दिलासा सगळ्यांच्या कानावर गेला. त्याच दुरुस्तीने जे काढून घेतले, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आधी परवान्याची मुदत संपल्यावरही पुढचे ३० दिवस तो चालू धरला जाई. "महिनाभर चालतं" हे वाक्य धाब्याधाब्यांवर ऐकू येते ते त्या काळातले. १ सप्टेंबर २०१९ पासून ती ३० दिवसांची सवलत राहिलेली नाही. ३१ तारखेला संपणारे लायसन १ तारखेला संपलेलेच असते.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. वर्ष उलटले की पुन्हा गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागते. वीस वर्षे ट्रेलर चालवलेल्या माणसालाही त्यातून सूट नाही. यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुदत संपल्यावर केलेले नूतनीकरण मागच्या तारखेपासून लागू होत नाही, ते झाले त्या दिवसापासून लागू होते. मधले दिवस कोरेच राहतात, आणि अपघात नेमका त्या दिवसांत झाला तर नंतर काढलेले नवे कोरे लायसन काही कामाचे नसते.

दुसरा घोटाळा कार्डावरच छापलेला असतो. ज्याच्याकडे घरगुती आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारांची परवानगी आहे, त्याच्या स्मार्ट कार्डावर दोन मुदती असतात. 'एनटी' समोरची तारीख घरगुती वाहनासाठी, 'टीआर' समोरची व्यावसायिक वाहनासाठी. तिशीच्या आत परवाना काढलेल्या माणसाची पहिली तारीख तो चाळीस वर्षांचा होईपर्यंतची असते, दुसरी फक्त पाच वर्षांची. मालक कार्ड हातात घेतो, लांबची तारीख वाचतो आणि निर्धास्त होतो. ट्रक चालतो तो जवळच्या तारखेवर, आणि ती कदाचित गेल्या पोळ्यालाच संपलेली असते. छोटा हत्ती किंवा तत्सम हलक्या मालवाहू गाड्यांची गोष्ट निराळी आहे. साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, त्यावर वेगळा व्यावसायिक शेरा लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन ड्रायव्हरांसाठी दोन वेगळ्या तारखा पाहाव्या लागतात.

आता पैशाची बाजू. परवाना नसताना गाडी चालवणाऱ्याला कायद्यात पाच हजार रुपये दंड आहे, आणि तशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही पाच हजारच. खरा फटका दंडाचा नसतो, विम्याचा असतो. हिमाचल प्रदेशातले एक प्रकरण या बाबतीत प्रत्येक ट्रकमालकाने ऐकून ठेवावे असे आहे. १९९९ मध्ये एका ट्रकला अपघात झाला आणि खुद्द ड्रायव्हरच जखमी झाला. त्याने कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागितली. गाडीचा विमा होता, म्हणून मालक निवांत होता. चौकशीत निघाले की ड्रायव्हरचे लायसन जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच संपले होते. कामावर ठेवताना लायसन चालू होते, हा मालकाचा बचाव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला. कामावर ठेवताना लायसन पाहिले एवढ्यावर मालकाची जबाबदारी संपत नाही, मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण झाले की नाही हेही त्यानेच पाहायचे, तीन वर्षे ते न पाहणे हा हलगर्जीपणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. विमा कंपनी सुटली आणि भरपाई मालकाच्या गळ्यात पडली. अपघातापासून निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली होती.

रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला इजा झाली तर थोडे वेगळे होते. २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालापासून अशा वेळी विमा कंपनीने पीडिताला आधी पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, अशी वाट रूढ झाली आहे. त्या निकालातला मालकांच्या कामाचा मुद्दा मात्र पुढचा आहे. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे विमा कंपनीला सिद्ध करावे लागते. म्हणजे ज्याच्याकडे तारखांची वही आहे, ड्रायव्हरला दिलेल्या आठवणीची नोंद आहे, त्याच्या बाजूने बोलणारा एक कागद कोर्टात उभा राहतो. "मी तोंडी सांगितलं होतं" याला तिथे कोणी विचारत नाही.

मुदतीबद्दलची बेफिकिरी आपल्याकडे कोरोनाच्या काळात आणखी मुरली, असे माझे मत आहे. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली लायसन्स आणि गाड्यांचे कागद केंद्र सरकारने पुन्हा पुन्हा मुदतवाढ देत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालू धरले. त्या वेळी ते बरोबरच होते, कचेऱ्याच बंद होत्या. पण पावणेदोन वर्षे तारीख आपोआप पुढे सरकत राहिली की माणसाला वाटू लागते, ती सरकायचीच. ती सरकणे थांबल्याचा दिवस कोणाच्या लक्षात राहिला नाही.

रस्त्यावरून जरा बाजूला होऊ. शेगावला उतरणारा माणूस कचोरी खाल्ल्याशिवाय परत जात नाही. ती कचोरी तळणाऱ्या, मैदा मळणाऱ्या, ताटल्या धुणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, टायफॉइडसारख्या रोगांची लस टोचलेली असली पाहिजे आणि त्याची नोंद तपासणीसाठी दुकानात असली पाहिजे, असे अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. दुकानाचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला दिसतो. आचाऱ्याचे आरोग्य प्रमाणपत्र विचारा, म्हणजे गल्ल्यावरचा माणूस तुमच्याकडे अन्न निरीक्षक आल्यासारखा बघेल. चिखली-मेहकरच्या खासगी दवाखान्यांतही तीच गत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची डॉक्टरांची नोंदणीही पाच वर्षांची असते, आणि तिच्यासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे ३० गुण जमवावे लागतात. गुण शेवटच्या महिन्यात जमत नाहीत. डॉक्टर स्वतःचे कसेतरी सांभाळतात. त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरची तारीख त्यांना विचारली तर तेही ट्रकमालकासारखेच उत्तर देतील.

बांधकाम कामगारांची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. इथे मुदत चुकली तर दंड होत नाही, काम बंद होत नाही, कोणी अडवत नाही. म्हणूनच ती जास्त चुकते. १९९६ च्या कायद्याने इमारत आणि इतर बांधकाम कामगारांच्या नोंदणीची सोय झाली. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असले पाहिजे, ही अट. मोठ्या बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कल्याणकारी मंडळ चालते. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या भागांतून गेला तेव्हा कितीतरी गावांतल्या बिगाऱ्यांना पहिल्यांदा कळले की आपणही 'बांधकाम कामगार' आहोत. गृहोपयोगी वस्तूंचा संच, ज्याला गावात सगळे भांड्यांची पेटी म्हणतात, मिळू लागला तेव्हा नोंदणीसाठी रांगा लागल्या.

पेटी घरी आली आणि कार्ड ट्रंकेत गेले. नोंदणी मात्र एक वर्षाची असते. दर वर्षी पुन्हा ९० दिवसांचे प्रमाणपत्र आणायचे, ठेकेदाराचे नाहीतर ग्रामसेवकाचे, नाममात्र वर्गणी भरायची आणि नूतनीकरण करून घ्यायचे. ते झाले तर मंडळाच्या भाषेत कामगार 'सक्रिय (जीवित)' राहतो. न झाले तर मुलाची शिष्यवृत्ती, बायकोच्या बाळंतपणाची मदत, सगळे अडते. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाला तर दोन लाख, अशी मंडळाची योजना आहे. ती लागू आहे की नाही हे घरच्यांना त्या दिवशी कळते, ज्या दिवशी काही करता येण्यासारखे उरलेले नसते. परांचीवरून पडलेल्या माणसाला मागे जाऊन वर्गणी भरता येत नाही.

ही मुदत चुकण्याची कारणे आळसात शोधू नयेत. ९० दिवसांचे प्रमाणपत्र द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, कारण कागदावर कामगार दाखवला की त्याच्यामागे आणखी कागद येतात. गवंडी काही महिने बुलढाण्यात, काही महिने पुण्यात, पेरणीला गावात, अशा माणसाचे ९० दिवस एका ठेकेदाराकडे भरतच नाहीत. आणि सगळ्यांत मोठे कारण मोबाइल क्रमांकाचे. अर्ज भरताना अनेकदा भरून देणाऱ्याचा क्रमांक टाकलेला असतो, नाहीतर कामगाराचे जुने, आता बंद पडलेले सिम असते. मग मुदत संपत आल्याचा संदेश येतो तो सेतू केंद्राच्या पोराला, ज्याच्या फोनवर असे शेकडो संदेश पडून असतात. लायसनच्या बाबतीतही हेच घडते. आधी क्रमांक दुरुस्त करून घ्या, ही या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सूचना आहे.

एक सरकारी मुदतही इथे आठवते, अकरा महिन्यांची. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा का, याचे उत्तर सोपे आहे: १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोक एक महिना अलीकडे थांबले. नोकरीचा करार अकरा महिन्यांचा का, याचे उत्तर तितके सरळ नाही. एक दिवसाचा 'ब्रेक' दिला की सलग सेवेचा हक्क तुटतो, असा समज त्यामागे आहे. औद्योगिक विवाद कायद्याने सलग सेवेसाठी धरले होते बारा महिन्यांतले २४० दिवस. अकरा महिन्यांत ते केव्हाच ओलांडले जातात. सरकारी नोकरीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने सांगून टाकले की नियमित भरतीच्या बाहेरून आलेल्याला नुसती वर्षे भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. थोडक्यात, ब्रेक कोणासाठी आणि कशासाठी, हे ऑर्डर काढणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, तरी तो निघतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते यांना हा ब्रेक चांगला ओळखीचा आहे. दर वेळी करार संपला की पुनर्नियुक्तीची ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी राज्यभर संप केला तो याच टांगणीतून सुटण्यासाठी. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार आणि मुदत सहा महिने. पुढच्या वर्षी त्यात पाच महिन्यांची भर पडली. बेरीज करा, पुन्हा अकराच! जिल्हा परिषदेच्या शाळांत, पंचायत समित्यांत ही मुले रुजू झाली ती वेगवेगळ्या तारखांना, त्यामुळे प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीखही वेगळी. मुदत संपण्याच्या तारखा ज्या कचेरीने नीट मांडून ठेवल्या नाहीत, तिथे कोण अजून प्रशिक्षणार्थी आहे आणि कोण नुसताच येऊन बसतो, हे सांगणे अवघड होते. 

परदेशात मात्र माणसाच्या काम करण्याच्या परवानगीची मुदत सांभाळणे ही कंपनीची जबाबदारी असते, आणि ती सक्तीची. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सुरू आहे. अशा महाविद्यालयांतून निघालेली मुले पुणे-हैदराबादमार्गे अमेरिकेत पोचतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर 'आय-९' नावाचा फॉर्म येतो. १९८६ च्या कायद्यापासून अमेरिकेतल्या प्रत्येक मालकाला, मग तो मोठी कंपनी असो की रस्त्याकडेच्या मोटेलचा गुजराती शेठ, नव्या माणसाची काम करण्याची परवानगी कामावर आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तपासावी लागते. परवानगी मुदतीची असेल तर ती संपण्याच्या आत पुन्हा तपासावी लागते. विसरला तर दंड मालकाला. ब्रिटनने तर फेब्रुवारी २०२४ पासून बिनपरवाना कामगार ठेवणाऱ्याला पहिल्याच चुकीला माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड केला आहे. एवढा बडगा असला की कंपनी आपोआप तारखा पाठ करते.

अमेरिकेच्या कायद्यात एक गोष्ट आपल्याला चटकन सुचणार नाही अशी आहे: दंडाच्या भीतीने जास्त तपासणे हाही तिथे कायद्याचा भंग ठरू शकतो. ग्रीन कार्डवाल्याच्या कार्डाची मुदत संपली म्हणून त्याला पुन्हा कागद मागता येत नाहीत, कारण त्याचा काम करण्याचा हक्क कार्डाबरोबर संपत नाही. अमुकच कागद आण, असेही मालक म्हणू शकत नाही. कोणाची परवानगी मुदतीची आहे आणि कोणाचा नुसता कागद मुदतीचा आहे, हा फरक कळल्याशिवाय तिथे नोंद ठेवता येत नाही. आपल्याकडेही हा फरक कळला तर बरे होईल.

तिथल्या मराठी घरांमध्ये तारखांचे गणित जेवणाच्या टेबलावर चालते. एच-वन-बी हा कामाचा व्हिसा एका वेळी तीन वर्षांचा, एरवी सहा वर्षांपर्यंत. नोकरी गेली तर साठ दिवसांची सवलत. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज पोचला तर त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येते; हा आकडा आपल्या २४० शी जुळतो तो निव्वळ योगायोग. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या अनेक बायकांना २०१५ पासून वेगळे कामाचे कार्ड मिळू लागले. त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर जुने कार्ड आपोआप ५४० दिवस चालू राहण्याची सोय होती. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सोय उरली नाही. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, आणि आता तो पहिल्याच दिवशी करायला हवा. नाहीतर जुने कार्ड संपते, नवे आलेले नसते आणि मधल्या काळात कामावर पाय ठेवता येत नाही.

आणखी एक सापळा पासपोर्टचा. मंजुरीच्या कागदावर २०२८ ची तारीख असते, पण विमानतळावरचा अधिकारी प्रवेशाची नोंद पासपोर्ट संपेल तिथपर्यंतचीच करू शकतो. आय-९४ नावाची ही नोंद कोणी उघडूनही बघत नाही, आणि चालते ती तीच. भारतातून परत गेल्यावर घरी पोचण्याआधी ती तपासा, असे तिथले वकील उगाच सांगत नाहीत. तारीख लिहिण्याची पद्धतही घात करते. ०५/०६/२०२७ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरांत लिहिला की हा वादच मिटतो.

मग हे सांभाळायचे कसे? संगणक असेल तर उत्तम, नसेल तर दोनशे पानी वही पुरते. एका ओळीत माणसाचे नाव, कोणता कागद, त्याचा क्रमांक आणि संपण्याची तारीख, एवढे सगळेच लिहितात. खरी कामाची असते ती पुढची तारीख: काम सुरू कधी करायचे? ड्रायव्हरच्या लायसनला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, मग ऑनलाइन अर्ज, मग परिवहन कार्यालयाची तारीख. धोकादायक मालाचा ड्रायव्हर असेल तर वर प्रशिक्षणही. हे उलटे मोजत आलो की संपण्याच्या निदान तीन महिने आधीची तारीख निघते. बांधकाम कामगाराला ९० दिवसांचे प्रमाणपत्र जमवायचे असते, म्हणून त्याची सुरुवात त्याहून आधी. वही लावायची ती या सुरुवातीच्या तारखेप्रमाणे, संपण्याच्या नव्हे. बारा महिन्यांची बारा पाने करा आणि त्या महिन्यात ज्याचे काम सुरू करायचे त्याचे नाव त्या पानावर लिहा. महिन्याच्या पहिल्या तारखेला फक्त एक पान उघडायचे असते.

आपल्या सरकारी कचेऱ्यांना हे शिकवायची गरज नाही, त्यांच्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत आहेच. त्यात प्रतीक्षाधीन कागदांचा एक गठ्ठा असतो आणि ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या नियतकालिकांचा दुसरा. माणसांच्या मुदती या दुसऱ्या गठ्ठ्यात जायला हव्यात. प्रत्यक्षात त्या जातात सेवापुस्तकात, आणि सेवापुस्तक उघडते निवृत्तीच्या वेळी.

संगणकावर ठेवणाऱ्यांसाठी एकच सावधगिरी. तारीख 'मजकूर' म्हणून टाइप झाली तर सूत्र गप्प बसते, लाल व्हायचा रकाना पांढराच राहतो, आणि माणूस निश्चिंत. दोन-चार तारखांची वजाबाकी हाताने करून पाहावी. आणि वही कोणा एकाच्या टेबलात राहू नये. मुनीमजी आजारी पडले म्हणून ड्रायव्हरच्या लायसनची तारीख थांबत नाही.

एक गोष्ट मात्र ठेवू नये: मूळ कागद. काही ठिकाणी उचल दिली म्हणून ड्रायव्हरचे लायसन मालक स्वतःकडे ठेवतो. आखातात गेलेल्या कामगारांचे पासपोर्ट तिथला मालक, म्हणजे कफील, ठेवून घेत आल्याच्या तक्रारी तर जुन्याच आहेत. भारतीय पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नाही आणि एजंटचीही नाही. नोंदीला झेरॉक्स पुरते. मूळ कागद ज्याचा त्याच्या हाती असला तरच तो नवा करून घेऊ शकतो.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर मालक म्हणतात कागद कामगाराचा, कामगार म्हणतात नोकरी मालकाची. माझे मत मालकाच्या विरोधात जाते. ज्याच्याकडे टेबल, वही आणि मुनीम आहे, त्याने तारीख लिहून ठेवावी. कामगाराने तिची प्रत मागून घ्यावी आणि ती घरात सगळ्यांना दिसेल अशी चिकटवावी. आपल्या बाजारपेठांत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होते. त्यातल्या एका वहीची शेवटची बारा पाने ड्रायव्हर, हमाल, मिस्त्री, नर्स यांच्या तारखांसाठी राखून ठेवा. लायसनचा अर्ज वर्षभर आधी करता येतो, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत संपणारे प्रत्येक लायसन या दिवाळीपासूनच नवे करायला घेण्याइतका वेळ कायद्याने देऊन ठेवला आहे.